सूपभर कोंडा

साक्षी मला पाहून पळाली.

तशी पोरं मला पाहून पळतातच. मी सौंदडच्या अंगणवाडीची बाई, आणि लस टोचायच्या दिवशी निम्मी गल्ली मला पाहून गोठ्यात लपते. पण साक्षीचं पळणं त्यातलं नव्हतं. मी धान भरडायला हेमेंद्रच्या गिरणीवर गेले होते. ती ओसरीवर बसून बांगड्यांचे तुकडे मांडत होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं आणि बसल्या जागी तिची चड्डी ओली झाली. मग ती किंचाळत आत गेली आणि आजीच्या लुगड्यामागे तोंड लपवून उभी राहिली.

सात वर्षांची पोरगी. माझ्या ताटातला भात खाऊन मोठी झालेली. तिची आजी सुशिलाबाई मला बस म्हणाली नाही. तिनं साक्षीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की गिरणीवर आलेल्या बाया वळून मला पाहायला लागल्या. धानाचं टोपलं तिथेच टाकून मी घरी आले. अंगाची नुसती लाही लाही होत होती.

हे कुठून सुरू झालं ते आधी सांगायला हवं.

हेमेंद्र आमचा शेजारी. त्याच्या घराला लागूनच धान भरडायची गिरणी. त्याची आणि नीतूची पहिली दोन लेकरं जगली नाहीत. एकाचं तर नावही ठेवलं नव्हतं. तिसऱ्या वेळी साक्षी झाली तेव्हा सुशिलाबाई आमच्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "शामकला, ह्या पोट्टीले तू घे. मंग आमी तुह्याकडून इकत घेतो. पोट्टी तुही, आमी नुसते पोसनारे."

आमच्या भागात असं करतात. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत, तिथलं नवं लेकरू मागच्या दारानं दुसऱ्या बाईच्या हाती द्यायचं, आणि पुढच्या दारात सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घ्यायचं. मरण आलंच शोधत, तर त्याला वाटावं की हे लेकरू या घरचं नाही. बाई दुसऱ्या जातीची असली तर अजून पक्कं, असंही म्हणतात. म्हणून तर सुशिलाबाईची पावलं आमच्याकडे वळली, एरवी तिला आमच्या घरचा चहा गोड लागत नसे.

आमचे हे, शालिकराम, भडकले. आमचं दीक्षा घेतलेलं घर, असलं काही आम्ही मानत नाही. "मानूस इकनं आनि मानूस इकत घेनं, खेळातबी नाई पाह्यजे," असं हे म्हणाले. पण सुशिलाबाई रडत होती, आणि आत नीतू ओली बाळंतीण लेकराला छातीशी धरून नुसती थरथरत होती. मी म्हटलं, तुमचं तत्त्व तुमच्याजवळ ठेवा, माझ्या दोन हातांनी एखादं लेकरू जगणार असेल तर माझं काय जातं. मी गेले. मागच्या दारी सुपात घातलेली साक्षी घेतली, फिरून पुढच्या दारी आले, आणि सुशिलाबाईनं माझ्या पदरात सूपभर कोंडा ओतला. तो मी कोंबड्यांना घातला.

साक्षी जगली. कशानं जगली ते मला माहीत आहे, मीच तिला सगळ्या लसी टोचवल्या. पण गल्लीनं श्रेय कोंड्याला दिलं आणि पोरीचं नाव कोंडाबाई पाडलं. ती मला मोठी माय म्हणायची आणि यांना मोठे बाबा. हट्टाला आली की नीतू सांगायची, "मोठी माय को वापस दे दूँगी हाँ तुझे." नीतू गोंदिया शहरातली, रागात तिच्या तोंडी हिंदीच येतं. मग मी कुंपणाच्या अलीकडून म्हणायची, "चाल, भर पिशवी. माहीच तर हायेस तू." सगळे हसायचे. साक्षीही हसायची. माझा संघदीप पुण्याला कंपनीत, सणाला येतो आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. आमच्या घरात लेकराचा आवाज म्हणजे साक्षीचाच.

दोन हजार अकराच्या दिवाळीनंतर नीतूला मुलगा झाला. गोंदियाला ऑपरेशन करावं लागलं, सुशिलाबाई तिच्याजवळ राहिली, आणि हेमेंद्र गिरणी सांभाळून ये-जा करत होता. तेव्हा साक्षीला आमच्याकडे ठेवलं. तिचे फ्रॉक, पाटी, कंगवा असं सगळं पिशवीत भरून हेमेंद्र देऊन गेला. मला तर सणच वाटला. सकाळी तिची वेणी घालायची, तिला दूधभात द्यायचा. दुपारी मी अंगणवाडीत असायची, तेव्हा ती यांच्याजवळ. हे रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले. तिला सायकलच्या दांडीवर बसवून स्टेशनवर मालगाडी दाखवायला न्यायचे.

बाळ घरी आलं तशी साक्षी घरी गेली, आणि तिथून पोरगी बदलली. शाळेत तोंड उघडेना. अंथरूण ओलं करायला लागली. आमच्या अंगणात पाऊल टाकेना. मला वाटलं, भाऊ झाला म्हणून रुसली आहे, पोरं रुसतात. पोरांतलं मला कळतं असा माझा मोठा समज होता.

पोरगी माझ्या घरून आल्यावर बिघडली म्हणून असेल, सुशिलाबाईच्या दारावर काळी बाहुली टांगली गेली, आमच्या घराकडे तोंड करून. मी पाठवलेलं ताक परत आलं, भांड्यासकट. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. माझ्या मनात पाल चुकचुकली. ही बाई माझ्याबद्दल गावभर काहीतरी पेरते आहे.

आणि मग कोंडा सुरू झाला.

आमच्या मागच्या दाराशी, उंबऱ्याला लागून, एक दिवस ओंजळभर कोंडा दिसला. मला वाटलं वाऱ्यानं आला. दोन-चार दिवसांनी पुन्हा, या वेळी अजून थोडा, थापटून नीट गोल केलेला. वारा काही थापटून ठेवत नाही. अंगणवाडीच्या मदतनीस पुष्पाबाईला विचारलं तर तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, कोनं तरी केलं तुमच्यावर. हात नोका लावू."

मी करणी-बिरणी मानत नाही. पण कोणी करतं आहे हे कळल्यावर झोंबतंच. कोंडा कोणाच्या घरी निघतो? गिरणीवाल्याच्या. पुढच्या वेळी ढीग दिसला तसा मी तो फावड्यानं ओढून अंगणाच्या मधोमध आणला, वर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ज्यानं टाकला त्यानं पाहून घ्या. असा कोंडा मले चालत नाई." धूर हेमेंद्रच्या ओसरीवर गेला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीवर गेले आणि साक्षीची चड्डी ओली झाली.

हेमेंद्र तिला गोंदियाला घेऊन गेला. तिथल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे दर शनिवारी नागपूरहून एक मॅडम यायची. औषध द्यायची नाही, फक्त मुलांशी बोलायची आणि खेळायची. स्नेहल मॅडम. फी घेऊन पोराशी खेळणारी बाई, यावर मी हसले होते. चाळीस पोरांशी मी रोज खेळते.

दुसऱ्या शनिवारनंतर हेमेंद्र आमच्याकडे आला. आत आला नाही, अंगणातच उभा राहिला, चपला पायात ठेवून. हे आत खाटेवर पेपर वाचत होते.

"काकू," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम इचारत होती. साक्षी तुमच्याकडे होती तवा घरी कोन कोन राहे? दुपारी कोनापाशी राहे?"

"काऊन?"

"नाई, तसं काई नाई. मॅडमनं इचारलं मनून इचारून राहिलो."

मी म्हटलं, मी आणि हे, अजून कोण. दुपारी यांच्याजवळ. हेमेंद्रनं मान हलवली आणि गेला. घरात पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला नाही. तो बराच वेळ आला नाही.

अंगणवाडीतल्या आम्हा बायांना तालुक्याला ट्रेनिंग देतात. लेकरू अचानक गप्प झालं, अंथरूण ओलं करायला लागलं, एका घराला भ्यायला लागलं, तर काय समजायचं ते आम्हाला सांगितलेलं असतं. ते मी स्वतः गावातल्या आयांना समजावून सांगितलेलं. हेमेंद्र काय विचारून गेला हे मला त्याच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघतानाच कळलं. आणि सुशिलाबाईचा, त्या मॅडमचा, सगळ्यांचा राग करायच्या आधी मी वळून खाटेकडे पाहिलं.

सगळ्यात आधी मी तिकडे पाहिलं.

त्या दिवसापासून मी माझ्या नवऱ्यावर नजर ठेवायला लागले. तीस वर्षांचा संसार, या माणसानं माझ्यावर कधी हात उचलला नाही, पण ट्रेनिंगमध्ये हेही सांगतात की असा माणूस दिसायला साधाच असतो. मी आठवून आठवून बघत होते. साक्षीसाठी रिबिनी यांनी का आणल्या? मी घरी आल्यावर ती एकदा कोपऱ्यात का बसली होती? स्टेशनवरून यायला त्या दिवशी इतका उशीर का झाला? प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी खरी वाटायची. मी त्यांना ताट वाढायची आणि त्यांच्या हातांकडे बघत बसायची.

तेही बदलले. हेमेंद्रच्या ओसरीवर जाणं बंद केलं. सायकल भिंतीला लागली ती लागलीच. जेवण अर्धं. दुपारी मी एकदा लवकर घरी आले तर हे मागच्या खिडकीच्या गजाला धरून उभे होते, श्वाससुद्धा न घेता, हेमेंद्रच्या अंगणाकडे बघत. माझी चाहूल लागली तसे दचकून बाजूला झाले.

"काय पाहून राहिले?"

"काई नाई."

त्यांनी खिडकी लावून घेतली. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि ठरवलं, या मॅडमला भेटायचं. माझा संशय खरा निघाला तर मी काय करणार हेही ठरवलं होतं. ते इथे सांगत नाही.

शनिवारी पॅसेंजर धरून मी गोंदियाला गेले. दवाखान्यात नीतू बाकावर बसली होती, मांडीवर बाळ. मला पाहून ती उठूनच उभी राहिली. "आप क्यों आये?" तिनं विचारलं. तिनं बाळाला पदराखाली घेतलं, मला दिसू नये म्हणून. सात वर्षांपूर्वी हिनंच स्वतःचं लेकरू माझ्या हातात दिलं होतं. मला ते फार लागलं. कंपाउंडर म्हणाला, "मावशी, नंबर लगाओ." मी त्याच्या बाजूनं गेले आणि दार ढकललं.

छोटी खोली. जमिनीवर सतरंजी, एका मोठ्या परातीसारख्या लाकडी खोक्यात वाळू, भोवती बाहुल्या आणि खेळण्यातली भांडी. स्नेहल मॅडम म्हणजे माझ्या संघदीपच्या वयाची पोरगी, केस मागे आवळलेले, मांडी घालून बसलेली. साक्षी वाळूत काहीतरी करत होती. मला पाहताच ती टेबलाखाली शिरली.

"तुम्ही बाहेर थांबा," मॅडम म्हणाली.

"थांबतो. आधी मले सांगा, माह्या घरात काय झालं मनता तुमी. माह्या मानसाचं नाव घ्याचं असन तर माह्यासमोर घ्या."

"आवाज कमी करा. मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही. असं सगळ्यांच्याच घरी विचारावं लागतं." ती उठली, माझ्या आणि टेबलाच्या मध्ये येऊन उभी राहिली. "तुम्हीच मोठी माय ना?"

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. किती दिवसांनी मी तो आवाज ऐकत होते.

"मी टाकला ना कोंडा."

मॅडमनं मला हातानं थांबवलं आणि ती खाली बसली, टेबलाकडे तोंड करून नाही, वाळूकडे तोंड करून. वाळू हातात घेत तिनं सहज विचारलं, "कुठे टाकलास गं?"

"मोठी मायच्या मांगच्या दारी. गंजानं. रोज नाई टाकता येत, आजी पाह्यते."

"आणि कशासाठी?"

"सूपभर झाला का मंग मोठी माय मले नेनार नाई." टेबलाच्या पायाला धरून ती थोडी पुढे सरकली. "पन मोठी मायनं जाळला. मनली, असा कोंडा चालत नाई मनून. अखीन किती टाकू?"

मॅडम वाळू चाळत राहिली.

"बाबूले कोनं इकलं नाई," टेबलाखालून साक्षी म्हणाली. "तो आईचाच हाय. आता आईपाशी तो हाय तं मले देऊन टाकतीन. माही पिशवी भरली होती बाबानं."

मग मला सगळं उलगडलं, एकामागून एक. फ्रॉक, पाटी आणि कंगवा भरलेली पिशवी. मी आनंदानं केलेला दूधभात. चाल, माहीच तर हायेस तू. तिनं सात वर्षं हसत ऐकलं आणि सगळं खरं मानलं, कारण आम्ही मोठ्या माणसांनी ते खरंच तर केलं होतं. भाऊ येईपर्यंत तिला भ्यायचं कारण नव्हतं, एवढंच. आणि ज्या ढिगांना मी करणी समजले, ते ही पोरगी आजीची नजर चुकवून, गंजात, त्या छोट्या पातेल्यात भरून, कुंपण ओलांडून आणत होती, स्वतःला सोडवून घ्यायला. मी रॉकेल ओतलं तेव्हा ती ओसरीवरून बघत असणार.

मला तिला ओढून छातीशी धरावंसं वाटलं. मॅडमनं माझ्या चेहऱ्यावर ते वाचलं असावं. ती मान हलवून नाही म्हणाली. मी बाहेर आले.

नंतर तिनं आम्हा दोघींना बाहेर बाकावर बसवलं. नीतू रडत होती. "मैं तो ऐसेच बोलती थी, मज़ाक में," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "अभी घर जाके समझा देती हूँ, सब झूठ था."

"खोटं होतं असं सांगू नका," मॅडम म्हणाली. "सात वर्षं सगळे तेच म्हणत होते आणि आज एकदम खोटं झालं, तर तुम्ही आज म्हणता ते तरी तिनं खरं का मानायचं?"

"मग काय करू?" मी विचारलं.

"मला अजून नक्की माहीत नाही. तिलाच विचारते."

हे मला आवडलं. इतक्या दिवसांत ही पहिलीच व्यक्ती भेटली, जिला सगळं आधीच माहीत नव्हतं. नीतूला तिनं अजून दोन गोष्टी सांगितल्या. देऊन टाकीन हे वाक्य घरात कोणीही, गमतीतही, पुन्हा काढायचं नाही. आणि रोज थोडा वेळ बाळ आजीकडे देऊन साक्षीजवळ एकटीनं बसायचं, काही शिकवायला नाही, नुसतं बसायला. नीतू म्हणाली, इतना काम रहता है. मॅडम म्हणाली, राहू दे काम.

घरी आले तेव्हा हे अंगणात काड्या मोडत बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं हे चकित होतील. ते काड्या मोडतच राहिले.

"मले ठाऊक होतं," ते म्हणाले. "तू जाळल्यावरबी ती येत राहिली, मी पाह्यलं तिले खिडकीतून. गंज घेऊन ये, कोंडा टाके, हातानं दाबे आनि पळे. तू अखीन जाळू नोको मनून मी झाडून टाकत होतो."

"मंग बोलले काऊन नाई? तिले इचारलं काऊन नाई तिथंच?"

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हेमेंद्र येऊन गेला त्या दिवसापासून तू माह्याकडं कशी पाहून राहिली, मले दिसत नाई का? मी त्या पोट्टीजवळ गेलो असतो, तिचा हात धरला असता, आनि तेवढ्यात तू आली असती. तं तू काय समजली असती, शामकला?"

माझ्याजवळ उत्तर होतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, लेकराचा प्रश्न होता, मला विचार करणं भागच होतं. ते म्हणाले, "हो, भाग होतं." एवढंच म्हणाले. मग काड्या उचलून चुलीपाशी नेऊन ठेवल्या. मला वाटलं होतं ते रागावतील, रागावले असते तर बरं झालं असतं.

साक्षीनं मॅडमला जे सांगितलं ते नीतूनं दुसऱ्या आठवड्यात आम्हाला कळवलं. सूप पूर्ण भरलेलं पाहिजे. पुढच्या दारी द्यायचं, मागच्या नाही. आजीनं बघायला पाहिजे. आणि मोठी मायनं तोंडानं म्हणायला पाहिजे.

रविवारी दुपारी, गिरणी बंद ठेवून, साक्षी आली. डोक्यावर सूप, दोन्ही हात वर, कोंडा कानाशी सांडत होता. हेमेंद्र मागे चालत होता, हात न लावता, तसं त्याला बजावलेलं होतं. नीतू होती आणि बाळाला घेऊन सुशिलाबाई होती. गल्लीतल्या बाया आपापल्या दारांत आल्या. पुष्पाबाई तर पदर तोंडाशी धरून उभी, अजून तिला हे काहीतरी भलतंच वाटत होतं. मी दारात पदर पसरून बसले. साक्षी माझ्यापासून हातभर लांब थांबली आणि तिनं सूप उपडं केलं.

"भरला?" तिनं विचारलं.

मला वाटलं होतं सोपं आहे. पण ती समोर उभी होती, पडलेल्या दातांची, कोंड्यानं केस पांढरे झालेली, आणि माझ्या मनात आलं की थोडा कमी आहे म्हणावं. अजून एकदा आण म्हणावं. सात वर्षं मी गंमत करत नव्हते. तेवढं एक माझं आहे असं मला खरोखर वाटत होतं.

"भरला," मी म्हटलं. "आता माहं तुह्यावर काई नाई. तू नीतूची आनि हेमेंद्रची. मीच काय, कोनीच तुले नेऊ शकत नाई."

"जाळशीन नाई ना?"

"नाई. कोंबड्यांना घालतो."

"घाल मंग."

मी उठले आणि पदरातला कोंडा कोंबड्यांपुढे टाकला. कोंबड्या खाऊ लागल्या तरी ती हलली नाही. बराच कोंडा संपेपर्यंत ती उभी राहिली, मग वळून नीतूकडे गेली आणि तिच्या कमरेला विळखा घातला. सुशिलाबाई डोळे पुसत होती. जाताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताक असन तं पाठवजो." मी हो म्हटलं नाही. पण संध्याकाळी पाठवलं.

एका रविवारात सगळं नीट होत नाही. अंथरूण पुढेही काही दिवस ओलं होत राहिलं, गोंदियाच्या फेऱ्या उन्हाळ्यापर्यंत चालल्या, आणि नीतूच्या तोंडून एकदा ते वाक्य अर्धं निघालंच, तेव्हा हेमेंद्र तिच्यावर असा ओरडला की आम्हाला ऐकू आलं. पण साक्षी शाळेत बोलायला लागली. आमच्या कुंपणाशी येऊन उभी राहायला लागली, आधी पलीकडून, मग अलीकडे. मी बोलावलं नाही. मॅडमनं तसंच सांगितलं होतं, आणि माझ्यासारख्या बाईला न बोलावता राहणं किती जड गेलं ते माझं मला माहीत.

धान कापून झाल्यावर एकदा ती थेट आमच्या ओट्यावर आली. हे खाटेवर बसून सुतळी वळत होते.

"मोठे बाबा, मालगाडी पाहाले जाचं का?"

त्यांनी सुतळी खाली ठेवली. सायकलकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही पाहिलं नाही. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मी काहीतरी म्हणेपर्यंत तसेच बसून राहिले.

"जा ना," मी म्हटलं. "मले कायले पाहून राहिले?"

ते उठले, तिला दांडीवर बसवलं आणि गेले. ही पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आता साक्षी स्वतःची सायकल चालवते. पण कधी येऊन त्यांना हाक मारली की आजही ते आधी माझ्याकडे बघतात, आणि मी दरवेळी जा म्हणते.